एकेचाळीस हरकती घेऊन कवठ्याला

माणसं देवदर्शनाला जातात, हवापालटाला जातात, नाहीतर मुलगी बघायला जातात. आम्ही तिघं एका सिनेमाच्या दिग्दर्शकाला त्याच्या चुका सांगायला गेलो. सिनेमा अजून तयार व्हायचा होता, म्हणजे चुकाही अजून व्हायच्याच होत्या. पण वाईच्या माणसाला एवढ्याशा अडचणीनं थांबवता येत नाही.

ज्यांनी 'स्फटिकाश्व' वाचली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अकरा भागांची अद्भुत कादंबरी. राजपुत्र विक्रमकेतू मायावी करालाच्या कैदेतून सुटतो आणि काचेच्या घोड्यावर बसून सात डोंगर ओलांडत घराकडे निघतो. घरी आई वाट बघते आहे. प्रत्येक डोंगर ओलांडताना घोड्याला एक तडा जातो. बस्स, एवढंच. पण या एवढ्याशावर आमच्या आळीनं तीन वर्षं काढली.

आमच्याकडे ही कादंबरी कोणी एकट्यानं वाचत नसे. दर शनिवारी संध्याकाळी वाचनालयाच्या ओसरीवर ती पोथीसारखी मोठ्यानं वाचली जाई. वाचणारा मी. मी शाळेत मास्तर, आणि वाचनालयाचा बिनपगारी चिटणीस. चाळीस-पन्नास माणसं ऐकायला जमत. भाग संपला की पेढे वाटायचे, हा नियम. करालाचा आवाज काढताना माझा घसा बसायचा आणि सोमवारी शाळेत मुलांची चैन व्हायची.

अकराव्या भागाच्या शेवटच्या शनिवारी ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. मी रंगात आलो होतो. सातवा डोंगर समोर, घोड्याच्या छातीला सहावा तडा, विक्रमकेतूनं मांड ठोकली, आणि मी पान उलटलं. पुढच्या पानावर होतं : 'सुंठ, मिरे, पिंपळी समभाग घेऊन वस्त्रगाळ चूर्ण करावे.' बांधणाऱ्यानं शेवटची सोळा पानं एका वैद्यकाच्या पुस्तकाची शिवली होती!

शहाण्या माणसानं तिथंच पुस्तक मिटून खरं सांगितलं असतं. मी वर पाहिलं. पन्नास तोंडं उघडी. मी चूर्णाकडे बघत बघत शेवट सांगून टाकला. घोडा डोंगर ओलांडतो, वेशीपाशी त्याचा चुरा होतो, विक्रमकेतू पायी घरी येतो आणि आंधळी झालेली आई त्याला नुसत्या पावलांच्या आवाजावरून ओळखते. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

दुसऱ्या दिवशी ते पुस्तक माझ्या ट्रंकेत गेलं आणि यादीत त्याच्यासमोर 'गहाळ' असा शेरा पडला. शेरा मीच मारला. दुसरी प्रत मागवायचं कामही माझ्याकडेच होतं. ते मी चार वर्षं मोठ्या चिकाटीनं केलं नाही. लढाईत कागदाचा दुष्काळ पडला होता, त्याचे माझ्यावर फार उपकार आहेत.

तेवढ्यावर भागलं असतं. पण पलीकडच्या गावचे सर्जेराव दहावा भाग ऐकून पलटणीत गेले होते, त्यांचं इटलीहून पत्र आलं : 'पुढं काय झालं ते कळवावे, इथं जीव लागत नाही.' लढाईवरच्या माणसाला चूर्णाची कृती कशी कळवणार? मी चार पानं भरून माझा शेवट लिहून पाठवला, आणि खाली 'छापील प्रतीवरून उतरवले' असंही लिहिलं. मास्तरकीची सवय, दुसरं काय.

आणि आता लढाई संपली, आणि एका कंपनीनं 'स्फटिकाश्व'चा बोलपट काढायला घेतला. आळीत दिवाळी. मी ट्रंकेचं कुलूप तपासून आलो. वाईत सिनेमा लागण्याच्या आत खरा शेवट काय आहे हे मला कळायला हवं होतं, आणि जमलंच तर दिग्दर्शकाला गाठून त्याच्या गळी माझा शेवट उतरवायचा होता. कवठे महांकाळजवळच्या माळावर त्यांचं चित्रण चाललंय असं समजलं. जायचं ठरलं.

वाई ते सातारा

आमचे पुढारी बंडोपंत. धंदा घड्याळं दुरुस्तीचा, त्यामुळे सगळ्या जगात काहीतरी पुढे-मागे झालंय असं त्यांना सदैव वाटतं. त्यांनी दिग्दर्शकासाठी एकेचाळीस हरकती फुलस्केपवर लिहून आणल्या होत्या. तिसरी हरकत : घोडा खिंकाळता कामा नये, कारण दुसऱ्या भागात तो मुका असल्याचं स्पष्ट म्हटलंय. सतरावी : करालाचा डावा डोळा मिटलेला हवा, उजवा नव्हे. एकेचाळिसावी, लाल शाईत : शेवटात काना-मात्रेचाही बदल चालणार नाही.

"मास्तर, शेवट तुम्ही वाचलाय. इथं सही तुमची हवी," बंडोपंत म्हणाले.

मी सही केली. वर तारीखही घातली.

तिसरे सर्जेराव. हवालदार होऊन परतलेले, उजव्या पायानं अधू. त्यांनी हरकती ऐकून घेतल्या आणि म्हणाले, "आवं, येवढं कशाला? राजपुत्र घरला पोचला पायजे. बाकी त्येंनी काय बी दाखवू द्या."

लढाई संपली तरी आमची मोटार कोळशाच्या गॅसवरच चालत होती. मागे बंब, पुढे आम्ही. भुईंजच्या पुढं चढाला तिनं मान टाकली आणि सगळ्यांना उतरून ढकलावं लागलं. पायामुळे सर्जेरावांना सूट होती. ते ड्रायव्हरशेजारी बसून "येक, दोन! येक, दोन!" असा हुकूम देत होते आणि आम्ही त्या तालावर ढकलत होतो. बंडोपंतांचं धोतर मागच्या चाकात अडकलं. हरकती भिजू-मळू नयेत म्हणून त्यांनी त्या डोक्यावर धरल्या होत्या, त्यामुळे धोतर सोडवायला हात मोकळा नव्हता. सातारा येईतो त्यांच्या अंगावर पंचाच उरला.

साताऱ्यात आम्ही दिग्दर्शकासाठी कंदी पेढे घेतले. उन्हानं खराब होतील या काळजीनं ते स्टेशनवरच संपवले. पेढे खाता खाता सर्जेराव हळूच म्हणाले, "कवठ्यात माजं येक काम हाय. म्हादूच्या आईला भेटायचं हाय."

म्हादू त्यांच्या पलटणीतला, कवठ्याचा. लढाईत, इटलीतच गेला.

"घरी येऊन आठ महिनं झालं," सर्जेराव म्हणाले. "दर बाजाराला म्हनतो, आज जातो. पाय निगत न्हाई. आता ह्यो घोडा तरी न्हेईल."

सांगली

सांगलीत बंडोपंतांचे मेहुणे भाऊसाहेब राहतात. हळदीची अडत आहे. घरात उंबरा, जोती, मांजर, सगळं पिवळं. आल्या आल्या त्यांनी आम्हाला हरिपूरला नेऊन हळदीची पेवं दाखवली. जमिनीत विहिरीसारखी खोल पोकळी, तोंड एवढंसं, आत शेकडो पोती. बंडोपंत वाकून आत बघत म्हणाले, "चौथ्या भागातलं करालाचं तळघर हेच!" आणि त्यांचा चष्मा आत पडला. तो काढायला उतरलेला हमाल वर आला तेव्हा तोही करालासारखाच दिसत होता.

संध्याकाळी घाटावर गेलो. नदी कृष्णाच, म्हणजे आमचीच. आमच्या घाटावरून जाताना ती कशी लेकीसारखी जाते. इथं पात्र मोठं, चाल भारदस्त, आणि आमच्याकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. चांगल्या घरी पडलेल्या मुलीच्या माहेरच्यांनी जसं वागावं तसे आम्ही वागलो. पाय धुतले आणि गुपचूप परत आलो.

जेवायला भरली वांगी आणि आमटी. आमच्याकडे आमटीत गुळाचा खडा पडतो. भाऊसाहेबांकडे पडत नाही, एवढंच सांगतो. पहिल्या भुरक्याला माझ्या कानातून वारा गेला. सर्जेराव मात्र "लय झ्याक!" म्हणत तिसऱ्यांदा वाढून घेत होते.

भाऊसाहेबही 'स्फटिकाश्व'चे भक्त निघाले. सांगलीत मात्र ही कादंबरी ज्यानं त्यानं आपापल्या घरी, मनात वाचायची चाल. बंडोपंतांना हे फारच शिष्टपणाचं वाटलं. मग घोड्याच्या रंगावरून जुंपली. आमच्याकडे घोडा पाण्यासारखा नितळ. सांगलीकडे म्हणे त्यात हिरवट झाक आहे. दोघेही पाटावरून अर्धे उठले होते.

"ते राहू द्या हो," शेवटी भाऊसाहेब म्हणाले. "शेवट काय लिहिलाय! वाचला आणि दोन दिवस मला अन्न गोड लागेना."

"आम्ही तर पेढे वाटले!" बंडोपंत म्हणाले.

भाऊसाहेबांचा घास हातातच राहिला. "पेढे? त्या शेवटाला?"

मी ताकाची वाटी उलटी केली. थेट भाऊसाहेबांच्या सोवळ्यावर. मग पुसापुशी, माफी, "असू द्या असू द्या", आणि विषय बदलला तो बदलला. झोपायच्या आधी बंडोपंत मला म्हणाले, "सांगलीकरांचं काही कळत नाही बुवा. आनंदानंसुद्धा यांचं जेवण तुटतं."

मला कळायचं ते कळलं होतं. खरा शेवट पेढ्यांचा नव्हता.

कवठे महांकाळ

मिरजेहून कवठ्याला छोटी गाडी जाते. तिच्या वेगाबद्दल तक्रार नाही. बंडोपंत मध्येच उतरून, रुमाल उचलून, पुन्हा चढले. दोन्ही बाजूंना माळ. आमच्याकडे जिकडे बघावं तिकडे पाट खळखळतात आणि आम्ही पावसाला नावं ठेवतो. इथं बाभळी, मेंढरं आणि दगड, आणि माणसं मात्र हसतमुख. सीताफळाच्या झुडपाखाली बसलेला एक मेंढका गाडीला हात करत होता. गाडीतल्या सगळ्यांनी त्याला हात केले आणि एकानं त्याच्या बायकोची तब्येत विचारली. त्यानं उत्तर देईपर्यंत गाडी तिथंच होती.

सर्जेराव खिडकीशी बसून बोलू लागले. मला वाटतं त्यांनी आठ महिन्यांत हे कोणालाच सांगितलं नव्हतं.

"म्हादू माज्या शेजारच्या खाटंवर हुता. छातीत लागलं हुतं. तुमचं कागद आलं तवा त्येला वाचून दावलं. तवापासनं रोज म्हनायचा, त्ये शेवटचं पान वाच रं. आईनं पावलं वळखली त्ये. दिसातनं चार चार बारी. शेवटच्या सकाळी मला म्हनला, 'पोचला न्हवं त्यो घरला?' म्हनलं, 'पोचला, गड्या. छापलंय तसं. मास्तरांनी सोता वाचून लिवलंय.' मंग गप पडला. तासाभरात गेला."

मी तोंड उघडलं. आता सांगून टाकावं असं मनात होतं. आणि मी काय बोललो? "या भागात शाळू चांगला येतो, नाही?" असं बोललो. सर्जेराव म्हणाले, "व्हय." त्यापेक्षा हलकट वाक्य मी आजवर उच्चारलेलं नाही.

माळावर चित्रण चालू होतं. काचेचा घोडा म्हणजे टांग्याची एक म्हातारी पांढरी घोडी, अंगभर अभ्रकाचे तुकडे खळीनं चिकटवलेले. उन्हात ती अशी लखलखत होती की बंडोपंतांनी दोन्ही हात जोडले. घोडीनं मान वळवून आपल्या खांद्यावरचं अभ्रक चाटलं आणि खाल्लं. मग खिंकाळली. तिसरी हरकत जागच्या जागी गेली.

छत्रीखाली एक गृहस्थ बसले होते. धोतर, फेटा, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर कमालीचं गांभीर्य. बंडोपंतांनी ओळखलं, हेच दिग्दर्शक. त्यांच्यासमोर उभं राहून त्यांनी पहिल्या हरकतीपासून सुरुवात केली. गृहस्थ शांतपणे ऐकत होते, मध्ये मध्ये "बराबर हाय" म्हणत होते. तेविसाव्या हरकतीला त्यांनी डोळे उघडले.

"समदं बराबर हाय, पावनं," ते म्हणाले. "पर माजं कुंपन मोडलंय त्ये कवा घालून देनार?"

ते शेताचे मालक होते. सकाळपासून भरपाईचं बोलायला कंपनीच्या माणसाची वाट बघत बसले होते, आणि आम्हीच ती माणसं असं त्यांना वाटलं.

खरे दिग्दर्शक पलीकडे, मळक्या पायजम्यात, घोडीच्या पोटाखाली अभ्रक चिकटवत होते. थकलेला, भला माणूस. फुलस्केपची जाडी बघून म्हणाले, "मंडळी, ऊन उतरायच्या आत हे चित्र घ्यायचंय. एक हरकत सांगा. एकच."

बंडोपंत एकेचाळिसांतून एक निवडू लागले. घामाघूम झाले. तेवढ्यात सर्जेराव पुढं होऊन म्हणाले, "साहेब, शेवट बदलू नगा. येवढंच."

"शपथेवर सांगतो, बदलणार नाही," दिग्दर्शक म्हणाले. "आहे तसाच घेणार. सातव्या डोंगरावर घोडा फुटतो, आणि त्याच्याबरोबर विक्रमकेतूही काचेचा होऊन तिथंच उभा राहतो. घराचे दिवे समोर दिसताहेत, आणि तो काही हलत नाही. तेच शेवटचं चित्र."

"भलतंच काय!" बंडोपंत कडाडले. "कुठलं पुस्तक वाचलंत तुम्ही?"

दिग्दर्शकांनी पेटीतून अकरावा भाग काढून दिला. बंडोपंतांनी शेवटचं पान वाचलं. मग मागचं. मग मुखपृष्ठ. मग माझ्याकडे पाहिलं.

मी त्या घोडीच्या शेजारी उभा राहून सगळं सांगितलं. चूर्ण, ट्रंक, 'गहाळ', सगळं. दिग्दर्शक ऐकत होते, घोडी अभ्रक खात होती. बंडोपंतांनी एकेचाळिसाव्या हरकतीखालची माझी सही पाहिली. मग म्हणाले, "मास्तर, पेढे मी वाटले होते हो. माझ्या हातानं." त्यांनी हरकतींची घडी घातली आणि खिशात ठेवली.

सर्जेरावांनी पुस्तक घेतलं, शेवटची पानं बोट ठेवून ठेवून वाचली. ओठ हलत होते. वाचून झाल्यावर पुस्तक दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरलं. मीही ती पानं वाचली आणि पुस्तक परत दिलं.

"चला. म्हादूच्या घरला जायचं हाय."

"तुम्ही जाऊन या," मी म्हणालो. "मी इथं..."

"तुमी बी चला."

वाटेनं ते पुढं, मी मागं, बंडोपंत शेवटी. सर्जेराव मागं न बघता म्हणाले, "मी त्येला छापलंय म्हनून सांगितलं, मास्तर."

"चुकलो, सर्जेराव."

"व्हय. चुकलात." अधू पाय ओढत ते चालतच राहिले. त्यांनी नाही नाही, असू द्या म्हणावं असं मला वाटत होतं, हेही इथं कबूल करतो.

म्हादूची आई, हौसाबाई, अंगणात वाळत घातलेला शाळू पायानं उलटवत होती. उंच, वाळलेली बाई. सर्जेरावांनी नाव सांगितलं, म्हादूच्या पलटणीतला म्हणून सांगितलं. ती आत जाऊन तांब्या आणि गुळाचे खडे घेऊन आली. आमच्याकडे पाहुण्याला चहा. तिकडं गूळ-पाणी, आणि पाणी लांबून आणलेलं. ते पिताना आपण काहीतरी कमावलेलं असावं असं वाटतं. मी काही कमावलेलं नव्हतं. तरी प्यालो.

"सरकारचा कागद आला हुता," ती म्हणाली. "पाटलांनी वाचला. दोनच वळी हुत्या." मग परत शाळूत पाय घालून तिनं विचारलं, "शेवटाला काय बोलत हुतं माजं पोरगं?"

"गोष्ट ऐकत हुता, आय," सर्जेराव म्हणाले. "काचंच्या घोड्याची." आणि त्यांनी ती सांगितली. अकरा भाग त्यांनी दहा-बारा वाक्यांत सांगितले, आणि मी तीन वर्षं घसा बसवून सांगितली त्याहून चांगली सांगितली. सातव्या डोंगरापाशी ते थांबले.

"मंग?" ती म्हणाली. "पोचला का घरला?"

सर्जेरावांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्ये मास्तर हाईत. त्येंनी वाचलंय. त्येस्नी इचारा."

माझ्याजवळ दोन शेवट होते. एक तयार, घोटलेला, पन्नास माणसांना रडवलेला. बंडोपंतांकडे पाहिलं. एवढे काना-मात्रेचे अभिमानी बंडोपंत, पण ते मला डोळ्यांनी खुणावत होते की सांगा, पोचला म्हणून सांगा.

"नाही पोचला, मावशी," मी म्हणालो. "डोंगरावरच राहिला. घर दिसत होतं."

ती रडली नाही. शाळूची एक रांग तिनं या टोकापासून त्या टोकापर्यंत उलटवली. परत आली.

"मंग त्येच्या आईला कुनी सांगितलं?"

मी पुस्तक आठवून बघितलं. नुकतंच वाचलं होतं, सबब नव्हती. "ते पुस्तकात नाही."

"तर मंग त्ये पुस्तक अर्धंच हाय," हौसाबाई म्हणाली. तिनं भिंतीकडचं पोतं ओढून सर्जेरावांसमोर टाकलं आणि स्वतः शाळूतच खाली बसली.

सर्जेराव अधू पाय लांब करून पोत्यावर बसले. त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

"आय," ते म्हणाले, "त्या दिशी सकाळी ऊन चांगलं पडलं हुतं. म्हादू म्हनला, मला वाईच उठवून बशीव."